एक चाक फुटपाथवर

‘जगातली पहिली नो पार्किंगची पाटी’ म्हणून एक गोष्ट वाहतुकीच्या इतिहासात हटकून सांगितली जाते. असिरियाचा राजा सेनाखेरिब (इ.स.पू. 705 ते 681) याने निनेवे या राजधानीतला राजमार्ग रुंद केला, त्याच्या दुतर्फा कोरीव शिळा उभ्या केल्या आणि त्या रस्त्यावर रथ उभा करून ठेवणाऱ्याला सुळावर चढवण्याची शिक्षा फर्मावली, अशी ती गोष्ट. ऐकायला फक्कड आहे, पण निम्मीच खरी आहे. शिळा खऱ्या, 52 मोठ्या हातांची रुंदी खरी, सूळही खरा. त्या मजकुरात रथ मात्र कुठेच नाही. तो हुकूम आहे घरमालकांना. जुने घर पाडून नवे बांधताना ज्याचा पाया राजमार्गावर सरकेल, त्याला त्याच्याच घरावर सुळावर द्यावे, असे त्यात म्हटले आहे. राजाचा राग होता अतिक्रमणावर. उभ्या राहिलेल्या रथाबद्दल त्याने काही म्हटलेले नाही.

फुटपाथवरच्या पार्किंगच्या नियमांची कुळकथा सांगताना हा भेद आधीच लक्षात घ्यावा लागतो. घर हलत नाही, गाडी हलते. त्यामुळे रस्त्यावर आलेल्या भिंतीला कायदा पहिल्यापासून चोर मानत आला, तर रस्त्यावर राहिलेल्या गाडीला वाट चुकलेला पाहुणा. पाहुणा केव्हातरी जाणारच, असे कायद्याने गृहीत धरले. तो मुक्कामालाच आला आहे, हे मान्य करायला फार काळ लागला आणि अनेक ठिकाणी ते अजूनही मान्य झालेले नाही.

फुटपाथ ही मुळात जुनी सोय आहे. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच दगडी पदपथ आहेत आणि रस्ता ओलांडताना पाय भिजू नयेत म्हणून मध्ये मोठाले दगडही बसवलेले आहेत. पदपथाच्या कडेच्या दगडांना भोके पाडलेली दिसतात. दारात आलेल्या जनावराचा दोर त्यातून ओवून बांधत असावेत, असे अभ्यासक मानतात. हा अंदाज खरा असेल, तर पायी चालणाऱ्याची जागा आणि दारात थांबणाऱ्याची सोय यांची गाठ तेव्हापासून एकाच दगडाशी पडलेली आहे.

आपल्या नियमांची थेट वंशावळ मात्र लंडनला जाते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनच्या बहुतेक रस्त्यांवर चालणारे आणि गाड्या एकाच पातळीवर असत. मोठ्या रस्त्यांवर लाकडी खांब रोवून कडेची पट्टी राखून ठेवलेली असे. खांबांच्या आत माणसे, बाहेर चाके. 1762 साली वेस्टमिन्स्टरच्या फरसबंदीचा कायदा झाला आणि तिथून चित्र बदलले. सपाट फरशांचा, कडेला दगड लावून उचललेला पदपथ तयार होऊ लागला आणि खांबांची गरज कमी होत गेली. घोडागाडीचे चाक त्या दगडावर सहजी चढत नसे. म्हणजे पहिला बंदोबस्त गवंड्याने केला, वकील मागून आला.

वकील आला तो 1835 च्या हायवे अ‍ॅक्टच्या 72 व्या कलमात. पदपथावर घोड्यावर बसून जाणे गुन्हा ठरला. घोडा, गाढव, खेचर, मेंढरे, डुकरे, गुरे किंवा कोणत्याही प्रकारची गाडी पदपथावरून नेणे किंवा हाकणे हाही गुन्हा ठरला. दंड जास्तीत जास्त 40 शिलिंग, म्हणजे दोन पौंड. चार वर्षांनी, 1839 च्या लंडन पोलिसांच्या कायद्यात हीच यादी शहरी थाटात आली आणि तिच्यात एक बारीक भर पडली. जनावर पदपथावर आडवे उभे राहील अशा रीतीने बांधून ठेवणे हाही गुन्हा झाला.

ही दोन्ही कलमे नीट वाचली की एक गंमत ध्यानात येते. घोडा पदपथावर उभा राहिला तर गुन्हा. गाडी पदपथावरून हाकली तर गुन्हा. पण गाडी पदपथावर नुसती उभी असेल तर? या कलमांत त्याला उत्तर नाही आणि असण्याचे कारणही नव्हते. घोडागाडी आपली आपण दगड चढत नाही आणि घोडा सोडलेली गाडी वर ठेवून निघून जाण्यात कुणाचा फायदाही नव्हता. पुढे मोटार आली. ती एका झटक्यात दगड चढते, मालक दार लोटून निघून जातो आणि वाट अडवायला मागे घोडाही उरत नाही. इंग्लंडमध्ये लंडनबाहेर आजही याच फटीतून गाड्या पदपथावर येतात. पदपथावर गाडी चालवणे सर्वत्र गुन्हा आहे, पदपथावर गाडी उभी करणे सर्वत्र नाही. गाडी आकाशातून तिथे उतरली नाही हे उघड असले, तरी ती कुणी आणि केव्हा चढवली हे पाहिलेला माणूस लागतो.

हा सगळा कायदेशीर विचार बोटीने मुंबईला आला. 1860 च्या भारतीय दंड संहितेत 283 वे कलम होते. आपल्या कृतीने किंवा आपल्या ताब्यातल्या वस्तूची नीट व्यवस्था न ठेवल्याने सार्वजनिक वाटेवर कुणाला धोका, अडथळा किंवा इजा झाली, तर 200 रुपयांपर्यंत दंड. त्या काळी साध्या पोलीस शिपायाला वर्षभरात एवढे रुपये मिळत नसत. म्हणजे कलम दरारा बसावा असेच होते. हाच आकडा पुढे दीडशेहून अधिक वर्षे जागचा हलला नाही. 1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या 285 व्या कलमाने तो 5,000 वर नेला. तोवर 200 रुपयांत दोन माणसांचा हॉटेलातला नाष्टा जेमतेम होत होता.

रकमेपेक्षाही मोलाचा शब्द त्या कलमात होता, तो म्हणजे अडथळा. मुंबई पोलीस अधिनियम, 1951 च्या 102 व्या कलमातही हीच भाषा आहे. माल चढवायला-उतरवायला किंवा प्रवासी घ्यायला-सोडायला लागेल त्याहून जास्त वेळ जनावर किंवा वाहन रस्त्यात उभे ठेवू नये, रस्त्याचा थांबा करू नये, खोकी-गठ्ठे अवास्तव वेळ ठेवू नयेत. वाचताना डोळ्यांपुढे मशीद बंदर उभे राहते. कलम व्यापाऱ्यांच्या गल्लीसाठी चोख आहे. पण त्याचा सगळा भार ‘लागेल त्याहून जास्त’ या मापावर आहे. किती वेळ लागतो हे कोण ठरवणार? ‘दोन मिनिटांत आलोच’ या आपल्या राष्ट्रीय वाक्याला त्या मापात ऐसपैस जागा मिळाली.

मुंबईने याच काळात गवंड्याची वाटही चोखाळली होती. किल्ल्याची तटबंदी 1860 च्या दशकात पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेत हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, आकाराला आला. त्यावरच्या इमारतींनी तळमजल्याला सलग कमानी ठेवायच्या, अशी अट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातली गेली. ऊन-पावसातून वाचवणारा पदपथ इमारतींच्या पोटातच गेला. तिथे फेरीवाल्यांची गर्दी असेल, पण खांबांच्या आत मोटार घालायची छाती आजवर फारशी कुणाला झालेली नाही.

विसाव्या शतकात मोटारी वाढल्या आणि दंडाचे तंत्र बदलले. जुन्या पद्धतीत प्रत्येक गुन्ह्यासाठी कोर्ट, समन्स, साक्षीदार. शेकडो गाड्यांसाठी हे कोण करणार? ब्रिटनने 1960 साली तोडगा काढला. ट्रॅफिक वॉर्डन नावाचा नवा वर्ग आणि काचेवर लावायची ठरीव रकमेची पावती. सप्टेंबर 1960 मध्ये लंडनच्या रस्त्यांवर वॉर्डन उतरले. त्यांची पहिली पावती गेली ती नेमकी एका डॉक्टरच्या गाडीवर. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला तपासायला तो एका हॉटेलात गेला होता. आरडाओरडा झाला आणि दंड माफ झाला. त्या पावतीवरची रक्कम होती दोन पौंड. 1839 साली घोड्यासाठी ठरलेला 40 शिलिंगचा कमाल दंड आणि 1960 सालचा मोटारीचा दंड, दोन्ही पै-पैशाने सारखे!

अमेरिकेने लोखंडाची वाट धरली. डेन्व्हरच्या सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्या फ्रँक मारुग याने चाकाला बसणारा लोखंडी बूट बनवला आणि जानेवारी 1955 पासून डेन्व्हरच्या पोलिसांनी तो वापरायला घेतला. आपण त्याला जॅमर म्हणतो. दंड न भरता पळणाऱ्यांवर तो रामबाण उपाय, पण फुटपाथच्या बाबतीत त्यात विनोद आहे. फुटपाथवरच्या गाडीला जॅमर लावला की जी गाडी तासाभरात गेली असती, ती मालक येऊन पैसे भरीपर्यंत तिथेच खिळून राहते. शिक्षा मालकाला होते, वाकडी वाट चालणाऱ्याची चालू राहते.

या कुळकथेतले खरे वळण 1974 साली आले. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने एकाच विषयावर दोन कायदे केले. पहिला लंडनपुरता. ग्रेटर लंडन कौन्सिलच्या अधिकारांच्या कायद्यात 15 वे कलम आले. गाडीचे एक चाक जरी पदपथावर किंवा कडेच्या हिरवळीवर असेल तरी गुन्हा. अडथळा झाला का, किती वेळ झाला, चढवताना कुणी पाहिले का, हे प्रश्नच निघाले. एखाद्या अरुंद रस्त्यावर सवलत द्यायची असेल, तर पालिकेने ठराव करावा आणि तिथे तशी पाटी लावावी. म्हणजे पाटी लागते ती परवानगीची. मनाईला पाटीची गरज उरली नाही.

दुसरा कायदा देशभरासाठी होता. त्या वर्षीच्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या 7 व्या कलमाने हीच बंदी सगळीकडे लागू होणार होती, फक्त मंत्र्यांनी आदेश काढायचा बाकी होता. तो कधीच निघाला नाही. कुठल्या रस्त्यांना सूट द्यायची याची पाहणी करायला पालिकांकडे आणि अंमलबजावणीला पोलिसांकडे पैसा नाही, म्हणून 1979 मध्ये सरकारने तो बेमुदत पुढे ढकलला आणि पुढे ते कलम रद्दच झाले. एकाच वर्षी जन्मलेल्या या जुळ्यांपैकी एक आज पन्नाशी ओलांडून धडधाकट आहे, दुसऱ्याचे बारसेही झाले नाही. पदपथावरच्या गाड्यांच्या बाबतीत लंडन आणि उरलेले इंग्लंड यांत आज जो फरक दिसतो, त्याचे मूळ या न निघालेल्या आदेशात आहे.

मग आपण या दोघांपैकी कुणाच्या घरचे? कागद पाहिला तर लंडनच्या. मोटार वाहन अधिनियम, 1988 हा 1 जुलै 1989 रोजी अमलात आला आणि त्याच्यासोबत रस्त्याच्या नियमांची विनियमावली आली. तिच्या 11 व्या विनियमाने गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय पदपथावर वाहन चालवायला मनाई केली. 15 व्या विनियमाने गाडी कुठे उभी करू नये याची यादी दिली आणि त्या यादीत चौक, वळण आणि चढाच्या माथ्यानंतर सरळ ‘पदपथावर’ असे लिहिले. तिथे अडथळ्याचा प्रश्न नाही, वेळेचे माप नाही, पाटीची अट नाही. 2017 साली जुन्या विनियमावलीच्या जागी नवी आली, तिनेही ही मनाई कायम ठेवली. म्हणजे भारतातल्या प्रत्येक फुटपाथवर 1989 पासून नो पार्किंग आहे.

तरीही फुटपाथवर गाडी लावणाऱ्याला हटकले की पहिला सवाल येतो, ‘‘इथे पाटी कुठाय?’’ आणि हटकणाराही क्षणभर इकडेतिकडे पाटी शोधू लागतो. हा सवाल 1860 च्या अडथळ्याच्या जगातला आहे. 1989 च्या नियमाने तो निकालात काढला, पण पस्तीस वर्षांत हे आपल्याला नीट सांगितले कुणी नाही.

सांगितले नाही, कारण नियमाच्या मागे उभी असलेली रक्कम क्षुल्लक होती. 177 व्या कलमाचा सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी 100 रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास 300 पर्यंत. तीस वर्षे हाच भाव होता. 2019 च्या दुरुस्तीने तो 500 आणि 1,500 केला. देशात ही दुरुस्ती 1 सप्टेंबर 2019 ला लागू झाली. महाराष्ट्राने मात्र वाढीव दंड लगेच लागू करायला नकार दिला आणि ते इथे यायला डिसेंबर 2021 उजाडला. मुंबई महापालिकेने त्याआधीच, जुलै 2019 मध्ये, आपल्या सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात बेकायदा पार्किंगला 5,000 रुपयांपासून पुढे दंड लावून पाहिला. हा बडगा वाहनतळ भरावेत म्हणून होता आणि त्या ठरावीक टापूंपुरताच होता. शहरभरच्या फुटपाथांना त्याचा थेट लाभ नव्हता.

दंडाहून मोठे त्रांगडे मालकीचे आहे. फुटपाथ बांधते, दुरुस्त करते आणि झाडते पालिका. त्यावरची गाडी मात्र वाहतूक पोलिसांची. 1888 च्या मुंबई महापालिका अधिनियमात ‘रस्ता’ या व्याख्येत पदपथही येतो आणि 314 व्या कलमाखाली आयुक्त पदपथावरचा ठेला किंवा झोपडी विनानोटीस हटवू शकतात. गाडी हटवायची तर मोटार वाहन अधिनियमाचे 127 वे कलम. मनाईच्या जागी लावलेली गाडी टोइंग करावी किंवा तिला जॅमर लावावा आणि खर्च मालकाकडून घ्यावा, असे ते सांगते. गाडी उचलून नेली की मालक धावत ठाण्यावर येतो, पावती फाडतो आणि गाडी सोडवतो. खचलेल्या पेव्हर ब्लॉकचा हिशेब त्या पावतीत नसतो. तो पालिकेच्या पुढच्या निविदेत निघतो.

314 व्या कलमाची कसोटी लागली ती गाडीवरून नव्हे, माणसांवरून. 1981 साली मुंबईच्या फुटपाथांवर राहणाऱ्यांना हटवण्याची घोषणा झाली आणि ऑल्गा टेलिस खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 10 जुलै 1985 रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे त्या निकालाने मान्य केले आणि त्यासाठी तो प्रसिद्ध आहे. त्याच निकालात दुसरी बाजूही ठामपणे आहे. पदपथ लोकांच्या ये-जा करण्यासाठी असतो, खासगी वापरासाठी त्यावर कुणाला हक्क सांगता येत नाही. हे वाक्य पुढची चार दशके झोपड्या आणि ठेले हटवताना वापरले गेले. पाच माणसांचे बिऱ्हाड जेवढ्या जागेत पथारी टाकत होते, तेवढीच जागा अडवणाऱ्या मोटारीलाही ते तंतोतंत लागू होते. पण सेनाखेरिबापासून चालत आलेला भेद इथेही टिकला. बिऱ्हाड म्हणजे अतिक्रमण, मोटार म्हणजे फार तर पाचशेची पावती.

कायद्याचा हात पोचत नाही म्हटल्यावर शहरे पुन्हा गवंड्याकडे वळली. कोलंबियाच्या बोगोता शहराचा महापौर एन्रिके पेन्यालोसा याने 1998 ते 2000 या काळात पदपथांच्या कडेला हजारो खांब रोवून मोटारी खाली उतरवल्या. चिडलेल्या लोकांनी त्याला पदावरून खेचण्याची मोहीम सुरू केली, ती फसली. पुण्यात 2016 साली पादचारी धोरण मंजूर झाले, जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस पदपथ आले आणि अनेक रस्त्यांवर स्टीलचे खांब उभे राहिले. 1762 साली कडेच्या दगडाने ज्या खांबांना घरी बसवले होते, ते असे कामावर परतले, कारण दगडाची आता कुणाला भीती उरलेली नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी. उंचीची मर्यादा म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांसाठी आहे, तिचा लाभ स्कूटरलाही होतो. खांब दाट लावले की स्कूटर थांबते, पण व्हीलचेअरही थांबते. अंतर किती ठेवावे हा साधा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो चुकलेला पावलोपावली दिसतो.

गेल्या काही वर्षांत कुळकथेला आणखी एक फांदी फुटली आहे. आजवर या गुन्ह्यात दोनच पक्ष होते, सरकार आणि गाडीवाला. चालणारा फार तर साक्षीदार. जर्मनीत ब्रेमेन शहरातल्या रहिवाशांनी हे बदलायचे ठरवले. आमच्या घरापुढच्या पदपथावर वर्षानुवर्षे गाड्या चढतात आणि प्रशासन पाहत बसते, म्हणून ते कोर्टात गेले. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 6 जून 2024 रोजी सांगितले की वावरायला मोठी अडचण होत असेल, तर प्रशासनाने कारवाई करावी अशी मागणी करण्याचा हक्क रहिवाशांना आहे. त्याच वर्षी 29 जानेवारीपासून एडिंबरामध्ये बंदी अमलात आली होती. दंड 100 पौंड, 14 दिवसांत भरल्यास निम्मा. तिचा आधार असलेला स्कॉटलंडचा कायदा 2019 चा. इंग्लंडच्या बारसे न झालेल्या जुळ्याला पंचेचाळीस वर्षांनी शेजारच्या घरात जागा मिळाली.

आपल्याकडे 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त आणि अपंगांना वापरता येतील असे पदपथ मिळणे हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदाखालचा हक्क असल्याचे सांगितले आणि राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे आखायला दोन महिने दिले. यामागचे आकडे भयंकर आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले, म्हणजे अपघातात मेलेल्या दर पाच माणसांमागे जवळपास एक. यातले सगळे फुटपाथ अडल्यामुळे रस्त्यावर उतरले नव्हते. पण उतरावे लागलेल्यांचा वेगळा रकाना त्या तक्त्यात नाही.

दंड वाढवावा की टोइंग, यावर वाद चालतील. वंशावळ पाहता त्यापेक्षा सोपे काम शिल्लक आहे. ज्या दिवशी वाहतूक पोलीस, पालिकेचा मुकादम आणि गाडीचा मालक या तिघांच्याही डोक्यात मनाईला पाटी लागत नाही हे पक्के बसेल, त्या दिवशी 1989 चा नियम खऱ्या अर्थाने लागू होईल. तोवर कुणी पाटी विचारली, तर उत्तर तयार ठेवावे. इथे गाडी लावायला परवानगी असल्याची पाटी तुम्हीच दाखवा.